शिवण बाहेरून

लेकीनं मला बजावलंय, "माह्या हाताचं लिहाचं तं लिही, पन नाव नोको टाकू." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. माझंही नाही, कारण यात मी काही फार चांगली दिसणार नाही.

शेलूबाजारला हायवेपासून चार घरं आत आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. अठरा वर्षं मी ब्लाऊज शिवतेय. मंगरुळपीरहून बायका जीप पकडून माझ्याकडे येतात आणि याचा मला गर्व आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. माझा ब्लाऊज उलटा करून पाहा, एक धागा लोंबताना दिसणार नाही. आणि आत मार्जिन भरपूर, कारण लग्नाआधी दिलेलं माप लग्नानंतर टिकत नाही, हे मला नवऱ्या मुलींच्या आयांपेक्षा जास्त कळतं. या दोन गोष्टींवर माझा धंदा उभा आहे. शिवण दिसू द्यायची नाही आणि आत मार्जिन सोडायचं.

लेक भाजली ती मात्र वेगळ्याच कारणानं. तूर निघाल्यावर मेडशीजवळ चुलतदिराच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्या पेटवून निखारे झाले की त्यात कणकेचे गोळे पुरायचे आणि वरून राख ओढायची. रोडगे काढून घेतले की मागं राखेचा पसरट ढीग राहतो. वरून पांढरा, विझल्यासारखा. आत विस्तव असतो. मोठ्यांना हे ठाऊक असतं, पोरांना दर वर्षी सांगावं लागतं. त्या दिवशी मी सांगितलं नाही. मी रोडग्यांवरची राख फडक्यानं झटकत जावेशी तिच्या ब्लाऊजच्या गळ्यावरून वाद घालत होते. लेक तेव्हा नऊ वर्षांची. पोरं पकडापकडी खेळत होती. ती ढिगावरून उडी मारायला गेली, पाय अडखळला आणि उजवा हात कोपराच्या वरपर्यंत राखेत गेला.

कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणालं बटाटा किसा, एक म्हातारे शाई आणा म्हणून ओरडत होते. माझा नवरा जीप चालवतो, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. पोरीला उचलून विहिरीच्या मोटरच्या पाइपापाशी बसवलं आणि तिचा हात वाहत्या पाण्यात धरून ठेवला. ती किंचाळत होती आणि मी "सोडा तिले, सोडा" म्हणून त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. त्या पाण्यानं बरंच वाचलं, असं अकोल्याचे डॉक्टर नंतर म्हणाले. त्याच्या पाठीचं मी अजून काही बोललेले नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. मांडीची कातडी काढून कोपराच्या आतल्या बाजूला लावली. जखम भरली तेव्हा मी देवाला नारळ फोडला आणि सुटलो म्हणाले. कशाचं सुटणं! खरी झोंबाझोंबी पुढेच होती. भरलेली कातडी महिन्याभरात लाल, जाड आणि कडक होत गेली. कोपराच्या खळग्यात तर दोरा ओढून चुण्या पाडाव्यात तशी ती गोळा झाली आणि हात सरळ होईना. रात्रंदिवस खाज. लेक डाव्या हातानं भिंतीवर ताल धरायची, उजव्या हाताला नखं लागू नयेत म्हणून.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात हळूच ताणून पाहिला. म्हणाले, शाळा उघडायच्या आधी परत आणा. तोवर हात सरळ व्हायला लागला तर ठीक, नाही तर कोपरातली कातडी कापून सोडवायला लागेल, म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा मांडीची कातडी. लेकीनं हे ऐकलं. घरी येताना जीपमध्ये तिनं एकच विचारलं, "दुसऱ्या मांडीची घेतीन का?"

डॉक्टरांनी आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. तिनं समजावून सांगितलं की भाजलेली कातडी भरताना वेडीवाकडी वाढते, तिला सारखं दाबून धरलं तर ती चपटी आणि मऊ भरते. त्यासाठी ताणाच्या जाड कापडाची घट्ट बाही असते. मनगटापासून दंडापर्यंत, दिवसातले तेवीस तास, वर्षभर तरी. अंघोळीपुरती काढायची, तेवढ्यात खोबरेल तेलानं मालिश, डॉक्टरांनी दिलेलं जेल, आणि कातडी नीट पाहून परत घालायची. झोपताना हाताखाली फळी बांधायची. उन्हात हात उघडा न्यायचा नाही. "मापाची बाही मागवली तर यायला महिना-दीड महिना लागेल," ती म्हणाली, "आणि या पोरीकडे तेवढा वेळ नाही."

मी म्हटलं, "मी शिवते ना. माहं कामच थे आहे."

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग कपाट उघडून कापड दिलं. दोन बाह्या कशाबशा निघतील एवढंच. दर दीड इंचावर लेकीच्या हाताची मापं घेतली, प्रत्येक मापातून किती कमी करायचं ते लिहून दिलं. शेवटी म्हणाली, "ताई, दोन गोष्टी. शिवण बाहेरून ठेवा, आतून सगळं गुळगुळीत हवं. आणि मार्जिन सोडू नका."

मी हो म्हटलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आणि मी स्वतःला शहाणी समजत होते. मनात म्हटलं, बाई, तू व्यायाम शिकव, शिवणकाम मला नको शिकवूस.

कारण घरी काय चाललं होतं ते मॅडमला माहीत नव्हतं. येणारी प्रत्येक बाई ब्लाऊजचं माप देता देता लेकीचा हात बघायची. एकीनं कोरफड सांगितली, एकीनं मध, एकीनं गोरं व्हायचं क्रीम आणून दिलं. आणि उठताना प्रत्येकीचं ठरलेलं वाक्य, "पोरीची जात आहे वं बाई, झाकून ठेवत जाय." मी एकदा एकीला तिचं कापड परत दिलं आणि दुसरीकडे शिवून घे म्हणाले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं होतं, खोटं कशाला बोलू. आता शेलूबाजारच्या सगळ्यात चांगल्या शिलाईवालीची पोर उलटी बाही घालून गावात हिंडणार? दोरे दिसणारी, ओबडधोबड? लोक म्हणतील पोरगीही जाळली आणि शिवायचंही विसरली.

मी बाही माझ्या पद्धतीनं शिवली. शिवण आत. डबल शिलाई, ओव्हरलॉक. पोर वाढीची म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं मार्जिन. वरून पाहिलं तर बाजारातली वाटावी. लेकीच्या हातावर चढवली तेव्हा नवरासुद्धा म्हणाला, "मस्तच झाली ना वं." मी आलेल्या प्रत्येक बाईला ती दाखवली. लेकीला हाक मारायची, तिचा हात पुढे करायचा आणि म्हणायचं, सांग, शिवण कोठी आहे?

दर मंगळवारी मी कटिंगच्या टेबलावर तिला उताणी झोपवायचे, हात बाजूला पसरायला लावायचे आणि मनगट टेबलापासून किती वर राहतं ते टेपनं मोजायचे. पहिल्या दिवशी साडेचार इंच. टेबलाच्या पायावर खडूनं आकडा लिहिला. एका आठवड्यानं चार. मग साडेतीन. मी हवेत होते.

तेवढ्यात लग्नसराई सुरू झाली. अक्षयतृतीयेच्या आधीचे दिवस म्हणजे कापडांचे गठ्ठे दारापर्यंत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. जेवायला फुरसत नव्हती. लेक एक दिवस म्हणाली, "आई, बाही मीच काढतो, मालिस मीच करतो. तू शिव." मला बरंच वाटलं. पोर शहाणी झाली म्हटलं. न्हाणीचं दार लावून ती स्वतःच सगळं करायची आणि बाही घालून बाहेर यायची. पाच-सहा दिवस मी तिचा उघडा हात पाहिला नाही.

पुढच्या मंगळवारी साडेतीनचे पावणेचार झाले होते. मी टेप दोनदा लावून पाहिला. "हात सोड, ढिल्ला सोड," म्हटलं. ती सोडेना. "व्यायाम करत नसशीन तू. आळस भरला अंगात." ती छताकडे बघत राहिली. मग मी जे केलं ते लिहायला मला जड जातंय. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि खाली दाबलं. तिनं ओठ दाताखाली धरला, डोळे भरले. मी साडेतीन लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिची बाही धुवायला घेतली. ती अंघोळीला गेली होती, बाही न्हाणीबाहेरच्या बादलीवर टाकलेली. उलटी केली तर मार्जिनच्या कडेला पिवळट डाग, आणि एका जागी रक्ताचा. मी तशीच उठून न्हाणीचं दार ढकललं. ती पाटावर बसली होती, डाव्या हातात तेलाची बाटली. कोपराच्या खळग्यापासून खाली चार बोटं लांब, अगदी सरळ रेषेत फोड उठले होते. मधला फुटला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला! माझीच शिलाई होती ती, टाके मोजून घ्यावेत इतकी नीट.

मी खाली बसले.

"काहून नाही सांगतलं मले?"

ती बाटलीचं झाकण लावत होती. म्हणाली, "तू सगळ्याइले दाखवून राह्यली होती ना."

मी रडले नाही. मला राग आला, आणि काही वेळ मला कळेना तो कुणावर. मग कळलं.

बाही काढून ठेवली. बाही नाही म्हणजे दाब नाही, आणि दुखतंय म्हणून ती हात पोटाशी धरून बसायची. दोन दिवसांत मनगट टेबलापासून परत चार इंचांवर गेलं. खडूचे आकडे उलटे चालायला लागले. तपासणीला दीड महिना उरला होता. जखम चिघळली तर काय, हात आणखी आखडला तर काय, हे दोनच विचार मशीनच्या चाकासारखे फिरत होते. लोकांच्या ब्लाऊजला मी चुकीच्या बाह्या लावल्या आणि उसवत बसले. नवऱ्याला सांगितलं, घामानं फोड आले. तो म्हणाला, "मॅडमले फोन कर. नाही तं मी करतो."

तिसऱ्या दिवशी केला. मॅडमनं शांतपणे ऐकलं. जखम स्वच्छ ठेवा, कोरडी होऊन कातडी येईपर्यंत बाही नको, फळी मात्र सैल का होईना बांधा, पू दिसला तर लगेच या. मग तिनं विचारलं, "ताई, शिवण बाहेरून आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढासा शब्द, पण माझे कान तापले. दाराच्या चौकटीला टेकून लेक उभी होती. तिनं ऐकलं आणि आत निघून गेली.

फोड सुकायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी तिची मालिश दुसऱ्या कुणाला करू दिली नाही, जखम सोडून आजूबाजूला, गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी. दहाव्या दिवशी मी उरलेलं कापड टेबलावर पसरलं. एकच बाही निघणार होती. मॅडमचा कागद समोर ठेवला आणि पहिल्यांदा तो शेवटपर्यंत वाचला. मार्जिन न सोडता कापणं काय असतं ते ज्यानं कधी शिवलं नाही त्याला कळायचं नाही. चुकलं तर उसवून सैल करायला काही उरत नाही. त्या दुपारी मी कात्री खडूच्या रेघेवर ठेवली आणि दोनदा उचलून घेतली. लेक समोर स्टुलावर बसली होती. म्हणाली, "काप ना आता."

कापलं. दोन्ही कडा बाहेरच्या अंगाला जोडल्या आणि त्यांच्यावरून सपाट शिलाई मारली. दिसायला पार बेकार. हातावर दोऱ्याची लांबलचक रेघ, जणू कुणी शर्ट उलटा घातलाय. आतून बोट फिरवलं तर कुठे काही लागत नव्हतं. तिच्या हातावर चढवली, नखं दाबून पाहिली, सोडल्यावर लगेच गुलाबी झाली. बोटं सुजत नाहीत ना म्हणून तासभर तिच्यासमोर बसून राहिले. ती कंटाळून म्हणाली, "आई, तू जाय ना, मले चित्र काढू दे." मी गेले नाही.

मग रोज सकाळी, अंघोळीच्या वेळी, दारातल्या उजेडात तिचा हात मी स्वतः बघायचे. मालिश, जेल, पाच वेळा व्यायाम. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर तिला चहाच्या कपाजवळसुद्धा फिरकू देत नव्हते. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, बाही उलटी कशी? मी म्हणायचे, अशीच असते. पहिल्या आठवड्यात चारचे पावणेचार झाले. नंतर सव्वातीन. मग दहा दिवस आकडा हलेना आणि मी नवऱ्याशी बोलणं सोडलं, त्याचा काही गुन्हा नसताना. अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी टेप लावला तर अडीच होतं. अडीच पुरेसं आहे की नाही, हे मला सांगणारं घरात कुणी नव्हतं.

दवाखान्यात आधी मॅडमनं बाही काढली. शिवण बाहेर बघून पसंतीनं मान हलवली. मग हात उजेडात धरला आणि तिचं बोट त्या सरळ रेघेवर थांबलं. फोड बरे झाले होते, पण रेघ गडद लाल होती.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत लेक बोलली. "सायकलवरून पडली मी. घासलं."

आमच्याकडे सायकल नव्हती. माझी नऊ वर्षांची पोर, जिला पाढे म्हणायला लाज वाटते, ती एका परक्या बाईच्या डोळ्यांत बघून माझ्यासाठी खोटं बोलत होती. आणि किती सहज. मी शिकवलं होतं तिला, फोनवर, एका शब्दात.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "पहिली बाही मी आतून शिवली होती. मार्जिनही सोडलं होतं. चांगली दिसावी म्हणून. तुमी फोनवर इचारलं तेव्हा मी खोटं बोलली."

मॅडम रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं, हात ताणून मोजला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. त्या पाच मिनिटांत लेक आणि मी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पायानं माझ्या चपलेला ढोसत राहिली.

डॉक्टरांनी हात पाहिला, वाकवला, सरळ केला. म्हणाले, "सुटतोय. आत्ता ऑपरेशन नको. हेच चालू ठेवा, दिवाळीला बघू."

दिवाळीला मनगट टेबलाला टेकलं. ऑपरेशन झालं नाही.

बाही दीड वर्ष चालली, दर दोन-तीन महिन्यांनी नवी, प्रत्येक वेळी शिवण बाहेरून. आता लेक बारा वर्षांची आहे. हातावरचे पट्टे चपटे झालेत, लाली गेली, लांबून पाहिलं तर थोडा फिका रंग दिसतो इतकंच. पूर्ण जाणार नाहीत, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. ती बारीक सरळ रेघ मात्र तशीच आहे, बाकीच्यांपेक्षा जास्त ठळक. जेल लावलं, मालिश केली, हटत नाही.

मागच्या आठवड्यात मानोऱ्याकडची एक नवी बाई ब्लाऊज टाकायला आली होती. लेक हाफ बाहीच्या फ्रॉकमध्ये टेबलावर अभ्यास करत होती. बाईनं हात पाहिलाच. "काय झालं वं पोरी?"

लेकीनं वहीतून मान वर केली. "हे सारं रोडग्याच्या राखेचं," ती म्हणाली, आणि बोटानं कोपरापासून खाली दाखवलं, "आन ही रेघ आईची."

"आईची?" बाई माझ्याकडे बघायला लागली.

"हाव. पन तिनंच सांगतलं मॅडमले. मी तं खोटं बोलली होती."

त्या बाईला काही कळलं नाही. मी टेप हातात घेतला आणि मार्जिन किती ठेवू म्हणून तिला विचारलं.